दुपारची सुई

घरात मोठी माणसं चार, पण श्रुतिकाला सुई टोचू शकेल असा हात एकच, रामाचा. रामाच्या बापाचे, गोमाजी म्हाताऱ्याचे, हात थरथरत. राहीबाईला सिरिंजवरच्या रेघा दिसत नसत. आणि रखमा, श्रुतिकाची आई, सुई पुढे आली की भोवळ येऊन खाली बसायची. त्यामुळे सकाळी साडेसातला, दुपारी साडेबाराला, संध्याकाळी सातला आणि पोरगी निजायच्या आधी, अशा चारही वेळांना रामा उतेकर जागेवर असायलाच हवा होता. मग वाडीत लग्न असो की मयत.

उमरठच्या पलीकडे डोंगराला टेकून त्यांची वाडी. पंचवीसेक घरं, त्यातल्या निम्म्यांना कुलूप, कारण माणसं मुंबईला. रामाही सोळा वर्षं मुंबईलाच होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत मदतनीस म्हणून लागला आणि मिस्त्री झाला. घाटकोपरला गाववाल्यांच्या खोलीत राहायचा, वर्षातून तीनदा गावी यायचा. तो येणार असला की श्रुतिका तासभर आधीच रस्त्यावर जाऊन उभी राहायची.

यंदाच्या शिमग्याला मात्र ती आली नाही. रामा घरी पोचला तर पोर ओट्यावर बसलेली, पितळेचा तांब्या दोन्ही हातांनी तोंडाला लावलेला. फ्रॉक अंगावर नुसता लोंबत होता.

"वाळलीय केवढी!" रामा म्हणाला.

"उन्हाळा लागलाय," त्याची आई राहीबाई म्हणाली. "सारखी पाणी पिते आणि रातचं अंथरूण भिजवते. सहा वर्षांची झाली तरी."

गावदेवाची पालखी दारात आली त्या दिवशी पोरीला उलट्या सुरू झाल्या. श्वास असा जोरात चालला होता, जशी काही ती गड चढून आलीय. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. गोमाजी नारळ ओवाळायला बसला, तो तसाच बसून राहिला आणि रामानं पोरीला उचलून शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर घातलं. पोलादपूरला बोट टोचून रक्त बघितलं, तर मशीनवर आकडाच उमटेना. साखर मशीनच्या मोजण्यापलीकडे गेली होती. तिथून ॲम्ब्युलन्सनं महाड.

महाडला डॉक्टर माहरुख होत्या, लहान मुलांच्या. पाच दिवस त्यांनी पोरीला सोडलं नाही. सहाव्या दिवशी रामाला आणि रखमाला समोर बसवून त्यांनी सांगितलं, "शरीरात इन्सुलिन नावाचा एक रस तयार होत असतो. श्रुतिकाच्या शरीरात तो तयार व्हायचा बंद झालाय. त्याच्याशिवाय खाल्लेलं अंगी लागत नाही, साखर रक्तातच साचत राहते. आता तो बाहेरून द्यायचा, सुईनं, रोज. हे गोड खाल्ल्यानं झालेलं नाही आणि तुमच्या चुकीनंही नाही. उद्या कुणी म्हणेल, आमचा पाला घ्या आणि सुई बंद करा. त्याचं ऐकायचं नाही. एक दिवसही बंद करायची नाही."

"कधीपर्यंत, मॅडम?" रामानं विचारलं.

"कायमची."

"होय, पण साधारण किती?"

डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "रामभाऊ, कायमची."

सिस्टरनं दोघांनाही शिकवलं. आधी संत्र्यात सुई टोचायची. मग आपल्याच पोटाला, नुसती सुई, म्हणजे पोरीला किती दुखतं ते कळावं. रामानं टोचून घेतली. मुंगी चावावी एवढंच. रखमानं संत्र्याला टोचली, पण श्रुतिकाचा दंड हातात धरून सुई जवळ नेली आणि ती जी कोसळली, ती थेट खाटेच्या लोखंडी पायावर. कपाळाला खोक पडली. पोरगी रडायची थांबून आईकडे बघत राहिली. त्यानंतर रखमाच्या हातात कुणी सिरिंज दिली नाही, आणि तिनंही मागितली नाही.

रामानं कंपनीत फोन करून पंधरा दिवसांची रजा वाढवून घेतली. मग महिन्याची. सुपरवायझरचा फोन पहिल्या महिन्यात रोज यायचा, दुसऱ्या महिन्यात आठवड्याला, आणि मग येईनासाच झाला.

रामाला कामाचा कंटाळा नव्हता. गावी बसून खाणारा माणूस नव्हता तो. पण करायचं काय? वाडीची शाळा घरापासून सात मिनिटांवर. शाळेच्या पुढे फाटा आणि फाट्याच्या पुढे पूल. पुलापलीकडे कामाला गेलं की साडेबाराला परत पोचता येत नसे. कुणाच्या शेतावर पंप जोडून दे, कुणाची चिऱ्याची भिंत लावायला हात लाव, हे सगळं पुलाच्या अलीकडचं. पलीकडचं जग त्यानं सात महिने नुसतं ओट्यावरून बघितलं. संध्याकाळची एसटी पूल ओलांडून यायची, माघारी वळायची आणि दिवे लावून पोलादपूरकडे निघून जायची. महाडच्या एमआयडीसीत काम आहे असा निरोप दोनदा आला. दोन्ही वेळा त्यानं मान हलवली.

वाडीतली माणसं त्याला डाक्टर म्हणायला लागली. तो हसायचा.

राहीबाईनं आपल्यापरीनं वाटा उचलला होता. गावात लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून तिनं परसात सावलीला एक मोठं मडकं ओल्या वाळूनं भरलं, त्यात छोटं मडकं बसवलं आणि त्यात इन्सुलिनच्या बाटल्या झाकून ठेवल्या. सकाळ-संध्याकाळ ती त्या वाळूवर पाणी शिंपडायची. पण शिंपडून झालं की म्हणायची, "पुढचं तुझं, बाला." सगळे तेच म्हणायचे. पुढचं रामाचं.

आणि पुढचं फार वाईट होतं. श्रुतिकाला सुईची सवय होईल असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तिला सवय झाली ती बापाच्या पावलांची. अंगणात त्याच्या चपला वाजल्या की ती आजीच्या पदरात शिरायची, कणगीमागे दडायची. त्यानं हाक मारली तरी आधी त्याच्या हाताकडे बघायची. सुई देऊन झाली की धावायची ती रखमाकडे. रखमा तिला मांडीवर घ्यायची, केसांतून हात फिरवायची आणि रामा तिथंच बाजूला बसून सुईला टोपण लावायचा.

एकदा आषाढात त्यानं सुई दिली आणि पोरगी रुसून जेवलीच नाही. पाऊण तासात ती घामानं थबथबली, हात लटपटायला लागले, डोळे कुठेतरी भलतीकडेच बघू लागले. राहीबाईनं जबडा धरून साखरेचं पाणी घशात सोडलं तेव्हा कुठं दहा-पंधरा मिनिटांनी ती माणसात आली. तेव्हापासून रामा ती जेवून संपेपर्यंत समोर बसू लागला. तिनं घास थांबवला की याचाही श्वास थांबायचा. त्याला स्वतःला भूक लागायची बंद झाली.

एके सकाळी सिरिंज भरता भरता त्याच्या मनात आलं, ही पोर नसती तर. विचार आला आणि गेला, डोळ्याचं पातं लवावं तेवढा. रामानं सिरिंज खाली ठेवली, परसात जाऊन दोन तांबे गार पाणी डोक्यावर ओतलं आणि ओल्या अंगानंच आत येऊन सुई दिली. श्रुतिकानं विचारलं, "पप्पा, तुमी भिजलात का?"

भाद्रपदातली गोष्ट. दुपारी सुयांचा डबा घेऊन तो शाळेत गेला, तर वर्गात पोरगी नाही. शाळेत मास्तर एकच, अश्वजित गुरुजी. महाडचा तरुण माणूस, चारही वर्ग तोच सांभाळायचा. पोरं खिचडीच्या ताटल्या घेऊन ओळीत बसली होती.

"आत्ता होती," गुरुजी म्हणाले. "हात धुवायला म्हणून गेली."

सापडली ती शाळेच्या संडासात. आतून कडी घातलेली. गुरुजींनी दार ठोठावलं, लाडीगोडी लावली, रागावून बघितलं. आतून हूं नाही की चूं नाही. एका पोरानं दाराला खांदा लावला तसा रामा त्याला बाजूला सारून म्हणाला, "ढकलू नको रे. दार ढकललं की आतला माणूस घाबरतो."

सोळा वर्षं त्यानं अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढली होती. तेव्हा पहिली गोष्ट तो हीच करायचा, बाहेरच्या लोकांना लांब पाठवायचा. त्यानं गुरुजींना पोरांकडे जायला सांगितलं आणि स्वतः दाराबाहेर ओल्या पायरीवर बसला.

"श्रुती, मी एकटाच हाय."

मग आतून आवाज आला, "तुमी मुंबयला जावा."

एखादं लाडाचं, समजुतीचं वाक्य रामाच्या तोंडाशी आलं होतं. पण काय झालं कुणास ठाऊक, त्याच्या तोंडून खरं तेच निघालं.

"मला पण जायचंय गो."

आत हालचाल झाली. "मग का नाय जात?"

"तुला सुई कोण देणार?"

"आई देईल."

"आईला चक्कर येते."

"मग तिला शिकवा ना. तुमी मला सायकल शिकवली तशी." मग ती म्हणाली, "तुमी गेलात की मग परत याल. मग चांगले होऊन याल."

रामा दाराकडे बघत बसून राहिला. पत्र्याच्या त्या दारावर खडूनं कुणीतरी बदक काढलं होतं. अर्ध्या तासानं आतून, तहान लागलीय, असा आवाज आला, आणि पाण्यासाठी तिनं कडी काढली. तिची साखर तीनशेच्या वर गेली होती. त्यानं सुई दिली. ती रडली नाही, आणि हे त्याला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी त्यानं रखमाला समोर बसवलं. परसातली कच्ची पपई आणून ठेवली. "टोच," म्हणाला. रखमानं सिरिंज हातात घेतली, तिचं तोंड पांढरं पडलं आणि ती भिंतीला टेकून खाली सरकली.

"पपईला गो! पपईला कसली चक्कर?" रामा ओरडला.

"मला नाय जमत. का छळताय?"

"छळतोय? तुझी चक्कर बरी हाय, रखमा. एकदा पडलीस आणि सुटलीस."

राहीबाई मध्ये पडली म्हणून ते तिथंच थांबलं. पण दसऱ्यापर्यंत नवराबायकोत कामापुरतंच बोलणं उरलं. किती आली, किती दिली, किती खाल्ली.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी रामानं सकाळची सुई दिली, पोरीची भाकरी संपेपर्यंत समोर बसला आणि मग पॅन्ट चढवली. "पोलादपूरला जाऊन येतो," रखमाला म्हणाला. "सुया संपत आल्यात."

"साडेबाराच्या आत या."

"येतो."

पिशवीत खाली एक शर्ट होता. तो का घेतला, हे त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं. पोलादपूरच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून हाका घालत होता. रामा औषधाच्या दुकानाकडे चार पावलं गेला, थांबला आणि मागे फिरून गाडीत चढला. खिडकीची जागा मिळाली. महाड येईपर्यंत त्यानं कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. महाडच्या स्टँडवर फोन बंद केला. मनात कारणं तयार होती: चार दिवसांत काम पक्कं करून येऊ, तोवर रखमाला करावंच लागेल, गळ्याशी आल्याशिवाय माणूस शिकत नाही. महाड मागे पडलं. माणगाव गेलं. खिडकीतून वारा येत होता, आणि रामाला लाज वाटावी इतकं बरं वाटत होतं. माणगावात त्यानं दोन वडापाव घेतले होते, ते त्यानं खाल्ले. घास मोजला नाही, कुणाचं बोट टोचलं नाही. पाण्याचा घोट घेऊन त्यानं डोळे मिटले.

कोलाडच्या अलीकडे एका हॉटेलाशी गाडी जेवणाला थांबली. माणसं उतरली, तोही उतरला. गल्ल्याच्या वर भिंतीवर घड्याळ होतं. बारा बत्तीस.

त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. फोन सुरू केला. वाटलं होतं शाळेजवळच्या वळणावरून केलेले दहा-बारा मिस्ड कॉल असतील, रखमाचे, आईचे. एकही नव्हता. बोलणी खायची तयारी होती त्याची. या गप्पपणाची नव्हती. त्यानं रखमाला फोन लावला. लागेना, घरात रेंज येतच नाही, हे त्याला ठाऊक होतं तरी तो पुनःपुन्हा लावत राहिला. गुरुजींचा फोन नुसता वाजत राहिला. आणि मग त्याच्या डोळ्यांपुढे दोन चित्रं एकाच वेळी उभी राहिली. एकात रखमानं सुई दिलीच नाही, पोरगी पुन्हा जोरजोरात श्वास घेतेय. दुसऱ्यात रखमानं दिली, तीन रेघांच्या जागी तेरा, आणि वर्गातल्या फरशीवर पोरगी घामानं निथळत पडलीय.

"ओ, चला! गाडी सुटते," कंडक्टर म्हणाला.

"सोडा," रामा म्हणाला. "माझी पिशवी तेवढी द्या."

रस्ता ओलांडून तो पलीकडे उभा राहिला. महाडकडे जाणारी एसटी पाऊण तासानं मिळाली, ती उभ्यानं. पोलादपूरहून वाडीची गाडी अजून यायची होती; एका टेम्पोवाल्यानं पुलापर्यंत आणून सोडलं. पूल त्यानं पळतच ओलांडला.

अंगणात श्रुतिका शेणानं सारवलेल्या जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसली होती. रामाला बघून ती पळाली नाही.

"पप्पा, आईनं सुई दिली," ती म्हणाली. "खाली बसून दिली. गुरुजींनी आईच्या पाठीला हात लावून धरला होता. आईची तुमच्यापरीस जास्त दुखली."

"मग जेवलीस?"

"सगळी खिचडी. आई समोर बसली होती." तिनं काडी पुन्हा जमिनीला लावली. "मग आईनं वकारी केली. गटारात."

ओट्यावर गोमाजी विडी न पेटवताच बोटांत धरून बसला होता. राहीबाईनं मुलाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. रामा परसात गेला. रखमा दगडावर बसून भांडी घासत होती.

"गाडी…" त्यानं सुरुवात केली.

"खुंटीवरचा शर्ट नाय," रखमा म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "अकरालाच बघितलं मी. तेव्हाच समजले."

"फोन का नाय केलास?"

"करून? तुमी काय रस्त्यातून हात लांबवून सुई देणार होता?"

ती पातेलं घासत राहिली. त्याला वाटलं ती रडेल, शिव्या देईल, माहेरी जाते म्हणेल. पातेलं चकचकीत झालं तरी तिचा हात थांबेना.

"किती दिलीस?" त्यानं शेवटी विचारलं.

"तीन. गुरुजींना दाखवून. दोनदा."

"आणि चक्कर?"

रखमाचा हात थांबला. कपाळावरच्या जुन्या खोकेवर ओल्या मनगटानं तिनं केस सारले. "हॉस्पिटलातली चक्कर खरी होती," ती म्हणाली. "तुमची आण. डोळ्यांपुढे काळोख आला होता."

"आणि मागाहूनची?"

"मागाहून येईलसं वाटायचं. मग मी यायच्या आधीच बसायचे." ती प्रथमच त्याच्याकडे वळली. "मला ठावं होतं, एकदा का माझ्या हातानं सुई गेली की तुमी मुंबयला जाणार. सासूबाई म्हणणार, बाईमाणसाचंच काम हे. आणि मग चारही वेळा मी. एक दिवस आईकडं जायचं म्हटलं तरी नाय. तुमी सात महिने काढलेत. मला तर पुढची सगळी वर्षं दिसत होती. म्हणून बसायचे मी खाली."

रामाला राग यायला हवा होता. सात महिने तो एकटा बांधला गेला होता, आणि ही जाणूनबुजून बघत होती. पण त्याच्या अंगावर अजून एसटीची धूळ होती आणि हातात ती पिशवी. तो तिच्या शेजारच्या दगडावर बसला. विसळलेली ताटली तिनं पुढे केली, ती त्यानं घेऊन टोपलीत ठेवली. मग दुसरी.

"कुठंपर्यंत गेला होता?" तिनं विचारलं.

"कोलाड."

"लांब गेला होतात."

"व्हय."

संध्याकाळी सात वाजता दोघंही सुयांच्या डब्यापाशी आले आणि दोघंही थांबले. कुणी हात घालावा हे ठरेना. श्रुतिका ताटावर बसली होती. ती वैतागून म्हणाली, "कुणी पण द्या ना! मला भूक लागलीय." राहीबाईला हसू फुटलं, ते तिनं पदरानं झाकलं. सुई रामानं दिली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. रखमाला दुपारच्या सुईआधी मळमळायचं, ते पुढं दोन महिने चाललं. पोरगी अधूनमधून दडायचीच, फक्त आता दोघांपासून. पण दिवाळीनंतर महाडच्या एमआयडीसीतून तिसऱ्यांदा निरोप आला, तेव्हा रामा गेला. एका कारखान्यात मोटारी आणि क्रेन सांभाळायचं काम, फक्त दिवसपाळी. वाडीतलाच एक जण मोटारसायकलनं पोलादपूरपर्यंत सोडायचा, तिथून कारखान्याची गाडी. सकाळची आणि संध्याकाळची सुई रामाची, दुपारची रखमाची, निजायच्या आधीची ज्याच्या डोळ्यावर झोप कमी त्याची. घाटकोपरच्या खोलीतली त्याची पेटी एक गाववाला घेऊन आला. रामानं ती उघडली नाही. माळ्यावर सरकवून दिली.

कारखान्यात दुपारी साडेबाराचा भोंगा झाला की बाकीची माणसं डबे उघडायची. रामा कुंपणाच्या कोपऱ्यात, जिथं रेंज चांगली येते तिथं जाऊन उभा राहायचा. रखमा शाळेजवळच्या वळणावर येऊन फोन करायची आणि आकडा सांगायची. एकशे साठ. दोनशे चाळीस. एकदा सत्तर, तेव्हा त्यानं फोन ठेवूच दिला नाही, पोरगी गुळाचा खडा खाऊन पुन्हा बोलायला लागेपर्यंत. आकडा आल्याशिवाय त्याचा घास उतरत नसे. पूल त्यानं रोज ओलांडला, पण पुलापलीकडे गेल्यासारखं त्याला एकदाही वाटलं नाही.

जानेवारीत एका रविवारी रखमा पाचाडला आपल्या आईकडे जायला निघाली. शिमग्यानंतर पहिल्यांदाच. सकाळच्या पहिल्या एसटीनं जायचं आणि शेवटच्या गाडीनं यायचं. जाऊन-येऊनच पाच-सहा तास जाणार, आईपाशी कसेबसे चार.

"राहा की एक दिवस," रामा म्हणाला. "उद्या मी खाडा करतो."

"नको."

तिनं लग्नातली हिरवी साडी नेसली होती. हातात आईसाठी नाचणीची पिशवी. रामा आणि श्रुतिका तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेले. गाडी आली. रखमा चढली आणि खिडकीशी बसली. श्रुतिका हात हलवत होती, पण रखमा समोर बघत होती, ड्रायव्हरच्या काचेतून पुढच्या रस्त्याकडे. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते रामानं ओळखलं. त्या सोमवारी माणगावच्या पुढे वाऱ्याला तोंड देऊन बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तेच असणार. गाडी पूल ओलांडून गेली. धूळ खाली बसेपर्यंत तो उभा राहिला.

दिवसभर त्यानं स्वतःला कामाला लावून घेतलं. गोठ्याचा दरवाजा बसवला. दुपारी पोरीचं बोट टोचलं, सुई दिली, तिच्या ताटासमोर बसला. तिचं जेवण झाल्यावर ती त्याच्या पाठीवर चढून म्हणाली, "आई आज येणार ना?"

"येणार तर."

"नक्की?"

त्यानं तिला पाठीवरून खाली घेतलं. मग म्हणाला, "शेवटच्या गाडीनं."

ती गाडी पावणेसातला आली. उतारावरच्या अंगणातून रस्ता दिसतो. चार माणसं उतरली, त्यात हिरवी साडी होती. बाकीची माणसं चढ चढायला लागली. रखमा मात्र रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसली. पिशवी बाजूला ठेवली. गाडी वळली, निघून गेली, तिचा आवाज पुलापलीकडे विरला, तरी ती बसूनच होती. गोमाजीनं हाक मारायला तोंड उघडलं. रामानं हातानंच त्याला थांबवलं.

सुईची वेळ झाली होती. तो आत गेला आणि डबा काढून बसला. थोड्या वेळानं अंगणात पावलं वाजली. रखमानं ओट्यावर पिशवी ठेवली, रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले, हात धुतले आणि पदराला पुसत पुसत आत आली.

"दुपारी किती होती?" तिनं विचारलं.

"दोनशे बारा."

"आणि आता?"

"आता बघायची हाय," रामा म्हणाला आणि सरकून त्यानं तिला शेजारी जागा करून दिली.